मागचा डावा

चिऱ्याच्या भिंतीत हे बसवत नाहीत,
पणजीच्या दुकानदाराने आधीच सांगितलं.
भिंत पोकळ लागते, आत चार इंच हवा लागते,
तुमचा तर सगळा लाल दगड.
मी म्हटलं, आमच्या दगडालाही भोकं असतात.
तो हसला नाही.
साडेसहा इंची दाखवले, मग आठ इंची,
ट्वीटर बोटाने माणसाकडे कसा वळवायचा ते दाखवलं,
आणि म्हणाला, जाळीला भिंतीचाच रंग मारा,
आवाज येईल, कुठून ते दिसणार नाही.
हे मला पटलं.
एकतीस वर्षं बार्जच्या इंजिनखोलीत
आवाज कुठून येतो तेवढंच दिसायचं.

फ्रुक्तुओज आला सांतइस्तेव्हहून,
स्कूटरच्या हँडलला वायरचं भेंडोळं.
पुठ्ठ्याचा साचा भिंतीवर धरला, काढला, पुन्हा धरला.
मग मला खुर्चीत बसवलं.
"पळोवया, कान खंय येता?"
आणि टेपने जमिनीपासून माझा कान मोजला.
अडतीस इंच.
मोजला तो डावा.
मी गप्प बसलो.

कटर लागला तशी सुलक्षा धावली
हुमणावर झाकण ठेवायला.
खाणी थांबल्यापासून एवढी लाल धूळ
कुंभारजुव्यात कुणी पाहिली नसेल.
फ्रुक्तुओजच्या भुवया तांबड्या, टीव्ही तांबडा,
दाराआड टांगलेला माझा जुना कामाचा शर्ट
पुन्हा कामावर गेल्यासारखा.
पाच खड्डे. प्रत्येकात लाकडाची चौकट, मागे काचलोकर,
लोकर हाताला खाजते म्हणून
तो पोरासारखा कोपरापर्यंत खोबरेल चोळत बसला.

संध्याकाळी तपासणी.
तो कपाटात डोकं घालून अँप्लिफायरशी,
बाहेर मी एकटा, खुर्चीत.
तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा आवाज
एकेका भिंतीतून.
"फुडलो उजवो. आयकूंक येता?"
"येता."
"मदलो?"
"येता."
"फाटलो उजवो?"
"येता."
"फाटलो दावो?"
मी थोडा थांबलो, विचार केल्यासारखा.
"येता," म्हटलं. "सगळ्यांत स्वच्छ."

पाच महिने आम्ही सिनेमे पाहिले.
हेलिकॉप्टर उजवीकडून यायचं
आणि माझ्या डोक्यावर नाहीसं व्हायचं.
मला वाटायचं, गेलं असेल पलीकडे. जातंच.

नाताळात शर्वाणी आली दोह्याहून,
माझ्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली,
दहा मिनिटांत म्हणाली, बाबा, हा मुका आहे.
जाळी काढली.
आत दोन वायरी, लाल आणि काळी,
टोकांना टेप गुंडाळलेली,
जोडायची राहून गेलेली.
"मग तुम्ही येतो का म्हणालात?"
सांगावं लागलं.
"कधीपासून?"
"बार्जपासून."

सुलक्षा चवळीच्या शेंगा मोडत होती,
मान वर न करता म्हणाली,
मला ठाऊक आहे. तू दहावीला होतीस तेव्हापासून.
आणि ती तर रोज माझ्या डावीकडे बसते,
लग्नानंतरच्या पहिल्या बाकड्यापासून या सोफ्यापर्यंत.
"मग डावीकडे का बसतेस?"
"बोलायची सोय असते."
"काय बोलतेस?"
एक शेंग मोडली. दुसरी मोडली.
शर्वाणी हसता हसता थांबली.

त्या रात्री मी त्या कुशीवर झोपलो नाही.
किती वर्षं, किती वाक्यं,
सगळी या बाजूला आलेली, इथेच राहिलेली.
काही शिव्या असतील.
काही नसतील.

फ्रुक्तुओज दुसऱ्या दिवशी आला, कान पकडून.
दोन मिनिटांचं काम, पैसे घेईना,
सोलकढी तेवढी प्याला.
आता कपाटात डोकं न घालता
माझ्यासमोर उभा राहिला, रिमोट घेऊन.
"आतां?"

मी सुलक्षाकडे पाहिलं.
तिने एकदम भिंतीकडे वळून पाहिलं,
कुणी मागून हाक मारावी तसं.

"येता," मी म्हटलं.